रोजची भाकर (ल्यूथरन शिकवण)

येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’तील ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही चौथी विनंती आणि तिचा मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) या जर्मन धर्मसुधारकाने लावलेला अर्थ. ल्यूथरन मताची ओळख बहुधा ‘माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो’ या सिद्धांतावरून करून दिली जाते. तो सिद्धांत शेतात, गोठ्यात आणि बाजारात कसा उतरतो ते या एका विनंतीत जास्त चांगले दिसते. विदर्भातल्या वाचकाला हीच वाट जवळची पडावी.

मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) शब्द ‘भाकर’ आहे, आणि वऱ्हाडात घरोघरी तोच बोलला जातो. ज्वारीचा पेरा घटला, कपाशी-सोयाबीन वाढले, ताटात गव्हाची पोळी आली, तरी ‘भाकर कमावणे’ हा शब्दप्रयोग टिकून आहे. अडचण आहे ती ‘रोजची’ या विशेषणात. मूळ ग्रीक शब्द मत्तय आणि लूक या शुभवर्तमानकारांनी दिलेल्या या प्रार्थनेपलीकडे जवळपास सापडतच नाही. त्याचे ‘आजची’, ‘उद्याची’, ‘जगण्यापुरती’ असे वेगवेगळे अर्थ लावले गेले. बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मत्तयाच्या भाषांतरात त्याला आध्यात्मिक वळण दिले आणि मध्ययुगात पुष्कळांनी ही भाकर म्हणजे प्रभुभोजनाची भाकर असे मानले. खुद्द ल्यूथरही १५१९ मध्ये ही भाकर म्हणजे ख्रिस्त, देवाचे वचन, असेच समजावत होता.

दहा वर्षांत त्याचा सूर पालटला. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना त्याला दिसले, की खेड्यातल्या साध्या माणसाला ख्रिस्ती शिकवणीतले काही म्हणजे काहीच ठाऊक नाही आणि बरेच पाळक शिकवण्याच्या लायकीचे नाहीत. पुढे लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत ही तक्रार त्याने हातचे न राखता मांडली आहे. १५२९ मध्ये त्याने दोन प्रश्नोत्तऱ्या (धर्मशिकवणीची प्रश्न-उत्तर रूपातली पुस्तके) काढल्या : मोठी पाळकांच्या उपयोगाची, आणि लहान अशी, की घरच्या कर्त्याने ती घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावी. लहानीत प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न येतो : ‘याचा अर्थ काय?’

चौथ्या विनंतीपाशी उत्तराची यादीच होते. अन्नपाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, भाविक जोडीदार व लेकरे, इमानी गडीमाणसे, चांगले राज्यकर्ते, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, अब्रू, चांगले मित्र, भरवशाचे शेजारी ‘आणि असेच इतर’. ही यादी धर्मपंडिताची वाटतच नाही. खळ्यावर बसलेल्या कास्तकाराने बोटांवर मोजत केल्यासारखी आहे. गुरे म्हणजे बैलजोडी, गडीमाणूस म्हणजे सालदार, हवामान म्हणजे मृगाचा पाऊस, एवढी नावे बदलली की ती वऱ्हाडातली होते. शेजाऱ्याचे नाव शेवटी असले, तरी बांधाच्या वादात तारखा घातलेल्याला त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

यादीआधीचे वाक्य मात्र अधिक वजनाचे आहे. देव आमच्या प्रार्थनेवाचूनही, दुष्टांनासुद्धा, रोजची भाकर देतोच; आम्ही मागतो ते इतकेच, की ती त्याची देणगी आहे हे आम्हांला कळावे आणि आम्ही ती उपकार मानून घ्यावी. कृपेचा सिद्धांत इथे जेवणाच्या ताटात आला आहे : तारण (पापापासून मुक्ती) जसे कमावता येत नाही, तशी भाकरही शेवटी पुण्याईची मजुरी नाही. मग घाम गाळायचा कशाला? ल्यूथरचे उत्तर पाचारणाच्या, म्हणजे आपले रोजचे काम हेच देवाचे बोलावणे या, शिकवणीत आहे. नांगरणारा, दूध काढणारी, भाकर थापणारी हे देवाचे मुखवटे. त्यांच्या आडून तोच शेजाऱ्याला जेवू घालतो. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे.

त्यामुळेच नापिकीला पापाची शिक्षा ठरवणारा उपदेश या शिकवणीत बसत नाही. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा तिने विश्वासणाऱ्याचे वावर कोणते ते पाहिले नाही. ‘विश्वास ठेव, बरकत येईल’ असे सांगणारे अलीकडे बरेच भेटतात. ल्यूथरने १५१८ च्या हायडेलबर्ग प्रबंधांत अशा गौरवाच्या धर्मज्ञानाला वधस्तंभाचे (ख्रिस्ताच्या क्रुसाचे) धर्मज्ञान उत्तर म्हणून दिले : देव दुःखात लपलेला भेटतो, सुगीवरून त्याची मर्जी मोजू नये.

मोठ्या प्रश्नोत्तरीत या विनंतीत बाजारही येतो. खोटी नाणी, चढे भाव, धान्याच्या व्यवहारात गरिबाची पिळवणूक करणारे यांच्याविरुद्धही ही प्रार्थना आहे, असे तो म्हणतो. आणि राजाच्या ढालीवर सिंहाऐवजी भाकर काढावी, म्हणजे आपले काम कशासाठी आहे याची त्याला आठवण राहील, असेही. कापसाच्या मोजमापात कट्टी (वजनातली कापाकापी) सोसलेल्याला हे पटेल. पण याच ल्यूथरने १५२५ च्या शेतकरी उठावात बंडखोरांना निर्दयपणे ठेचून काढा असे सरदारांना लिहिले होते. भाकरीवरचे पान वाचताना ते पान झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही.

विदर्भातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुतांशी ल्यूथरन नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट मंडळीत ल्यूथरन सामील झाले नव्हते. ल्यूथरनांची जवळची मंडळी सातपुड्यावर छिंदवाडा-बैतूलकडे, स्वीडिश मिशनच्या परंपरेतली. १९५६ पर्यंत हे जिल्हे आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. प्रार्थना मात्र सगळ्यांची एकच. गावोगावच्या उपासनेत उपकारस्तुतीला हंगामाचे पहिले फळ वेदीपुढे ठेवतात : कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळा, एखादी कोंबडी. उपासना आटोपली की त्यांचा लिलाव पुकारतात. दोन रुपयांची वांगी पन्नासाला जातात, आणि घेणारा बरेचदा ती ज्याच्याकडून आली त्याच्याच घरी पाठवून देतो.