धातूवर उगवणारे झिंक ऑक्साइड : भट्टीकडून बीकरकडे

पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवलेले जीआय पत्रे सुटे केले, की मधल्या पत्र्यांवर पांढरी भुकटी सापडते. जळगाव-धुळ्याच्या पत्रेवाल्यांना हा पांढरा गंज नवा नाही. फटीत पाणी अडकते, हवा खेळत नाही आणि लोखंडावरचा जस्ताचा थर हायड्रॉक्साइड, ऑक्साइड, कार्बोनेट होत खपत जातो. जस्ताची ऑक्सिजनकडे असलेली हीच ओढ ताब्यात ठेवता आली, तर भुकटीऐवजी धातूवर झिंक ऑक्साइडच्या सरळ, षटकोनी काड्या उभ्या राहतात. जाडी केसाच्या हजाराव्या भागाइतकी आणि दाटी ज्वारीच्या पेऱ्यासारखी.

जस्त आपल्याकडे जुने आहे. राजस्थानातल्या जावरला ते मध्ययुगात ऊर्ध्वपातनाने काढत होते. ९०७ अंशांना उकळून वाफ होणारा हा धातू हवा लागू न देता थंड करणे, हेच त्यातले कसब. वैद्यांचे यशद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट घेतले आणि जस्ती पत्र्याचे युग सुरू झाले. तोवर ऑक्साइडकडे पाहायचे ते औषध किंवा रंग म्हणून.

त्याची विजेची बाजू पुढे आली ती १९६२ साली. जपानमध्ये सेइयामा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की झिंक ऑक्साइडचा पातळ थर तापवून त्यावरून वायू सोडला, तर थराचा विद्युतरोध बदलतो. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर बसून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. ज्वलनशील वायू त्या ऑक्सिजनशी संयोग पावला की इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळे होतात. सगळा खेळ पृष्ठभागावरचा. म्हणून तेवढ्याच पदार्थात पृष्ठभाग जितका जास्त, तितका संवेदक, म्हणजे वायू ओळखणारा सेन्सर, तल्लख. काड्या उगवण्याचा खटाटोप कशासाठी, याचे एक मोठे उत्तर इथे आहे.

२००१ हे या विषयातले गाजलेले वर्ष. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात झोंग लिन वांग यांच्या गटाने झिंक ऑक्साइडची पूड १४०० अंशांना उडवून नॅनोपट्ट्या मिळवल्या. तिथल्याच बर्कले विद्यापीठात पेइडाँग यांग यांच्या गटाने नीलमण्याच्या चकतीवर, सोन्याच्या थराच्या आधाराने नॅनोतारा वाढवल्या आणि त्यांतून अतिनील लेसर काढला. काम थोरच होते, पण त्याला उच्च तापमानाची भट्टी, सोने आणि नीलमणी लागत होते. साध्या कॉलेजच्या आवाक्यातले ते नव्हते.

माझ्या मते खरे वळण त्यानंतरचे आहे. २००३ साली लिओनेल वेसिएर यांनी झिंक नायट्रेट आणि हेक्सामाइन पाण्यात विरघळवून ९५ अंशांवर काड्या उगवून दाखवल्या. हेक्सामाइन गरम पाण्यात हळूहळू फुटते, अमोनिया सोडते, द्रावण अल्कधर्मी होत जाते आणि झिंक ऑक्साइड सावकाश बाहेर पडते. घाई केली तर सगळे तळाशी साका होऊन बसते. शिवाय स्फटिकाचे टोक त्याच्या बाजूंपेक्षा वेगाने वाढते, म्हणून गोळा न होता काडी तयार होते. त्याआधी, १९८५ साली, निकोलाऊ यांनी सिलार पद्धत मांडली होती. तिच्यात पट्टी आळीपाळीने वेगवेगळ्या बीकरांत बुडवत थरावर थर चढवायचा असतो. महाराष्ट्रातल्या पातळ थरांच्या प्रयोगशाळांत ती चांगलीच रुळली. हॉट प्लेट, बीकर आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू करता येते.

काचेऐवजी धातू घेतला की थराखाली इलेक्ट्रोड आयताच मिळतो. पण प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. जस्ताची पत्री स्वतःच कच्चा माल पुरवते. पितळ हवेत तापवले की आतले जस्त वर येते आणि पृष्ठभागावर त्याचे ऑक्साइड तयार होते. तांबे अमोनियात विरघळून द्रावण निळे करते. ॲल्युमिनियम तर खोड्याच काढतो. अल्कधर्मी द्रावणात तो स्वतः विरघळून जस्तात मिसळतो आणि काड्यांऐवजी पापुद्रे मिळतात.

खानदेशात हा धागा वायूसंवेदकांच्या बाजूने आला. १९४५ साली सुरू झालेल्या अमळनेरच्या प्रताप कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातून झिंक ऑक्साइडच्या जाड थरांवरचे, अमोनिया ओळखणाऱ्या संवेदकांचे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. तालुक्याच्या गावातून हे झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि याच भागात एक गरज समोर उभी आहे. रावेर-यावलची केळी पिकवायला कार्बाइडला बंदी आहे. फळ पिकवणारा इथिलीन वायू चालतो, पण १०० पीपीएमपर्यंतच, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवायच्या बंद खोलीत, तो मोजणारा स्वस्त संवेदक झिंक ऑक्साइडचा होऊ शकतो. अडचण आहे ती ओलाव्याची. चेंबरमधली हवा दमट ठेवावी लागते आणि पाण्याची वाफ ऑक्सिजनच्याच जागा अडवते. संवेदक दोन-तीनशे अंशांना तापवला तर ओलाव्याचा त्रास कमी होतो, पण वीज जास्त लागते. धातूच्या पट्टीवर थेट उगवलेल्या काड्यांना तीच पट्टी हीटर म्हणून वापरता येईल का, हे आपल्या एमएस्सीच्या मुलांनी हाती घ्यावे असे काम आहे. मात्र ऑक्साइडचा थर आणि धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे काड्या सुटून येतात का, हे आधी तपासावे लागेल.