प्रवाळाचा उजेड डोळ्यांनी मोजू नये

आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर. दर्या मात्र कोणत्याही दिशेने निघालात तरी साडेचारशे किलोमीटरच्या आत सापडायचा नाही. अशा ठिकाणी घरातल्या बैठकीत समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली, तिच्यात जिवंत प्रवाळ ठेवले, की लोक चार दिवस बघायला येतात आणि पुढची चार वर्षं बोलत राहतात. शेजारचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "काहून गा सर, मिठाचे पुडे कायले विकत आणता? आपल्या विहिरीचं पाणी काय कमी खारं हाय?"

काकांचं म्हणणं अगदीच फोल नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा आहे. इथल्या विहिरीच्या पाण्याने चहा फाटतो, हे बाहेरून आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्याच आठवड्यात कळतं. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचं प्रमाण ठरलेलं असतं. आमच्या विहिरीच्या खारेपणाचा हिशोब वेगळा. म्हणून आरओचं पाणी आणि त्यात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण. ते एकदा जमलं की पाण्याचा प्रश्न सुटतो. मला जास्त छळलं ते दिव्याने.

प्रवाळ हा प्राणी, पण अर्धा संसार वनस्पतीचा. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशसंश्लेषण करतं, साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उथळ समुद्रातल्या कित्येक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागते. म्हणजे टाकीवरचा दिवा हा या जनावराचा चारा आहे. (अंगठीतलं पोवळं या मंडळींत धरू नका. ते लाल प्रवाळ शैवालाशिवाय, अंधुक पाण्यात, समुद्रातले कण पकडून जगतं. त्याला दिव्याचं काही पडलेलं नसतं.)

हा चारा किती टाकायचा, हे मी आधी डोळ्यांनी ठरवलं. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. शहरातल्या एका दुकानातून ६० वॅटचा निळा-पांढरा एलईडी दिवा आणला. दुकानदार म्हणाला, "फुल्लवर ठेवा सर, निळा उजेड हलका असतो." मलाही घरी तसंच वाटलं. फक्त निळे दिवे लावले तर खोलीत पेपर वाचता येईना. एवढ्याशा उजेडात काय पोट भरणार, म्हणून शंभर टक्क्यांवर नेला आणि पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगला. आठव्या दिवशी बशीएवढे फुललेले मश्रूम कोरल रुपयाएवढे झाले होते. तांबूस-हिरवा रंग उतरत उतरत पांढऱ्याकडे चालला होता. मी तेव्हा काय केलं असेल? उजेड कमी पडतोय असं समजून दिवा आणखी खाली घेतला. विज्ञान शिकवतो म्हणून सांगायला लाज वाटते.

खरं तर ते प्रवाळ जास्त उजेडाने पोळत होते. गरजेपेक्षा जास्त प्रकाश आला की शैवालाची यंत्रणा तुंबते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ आपल्याच अन्नदात्याला बाहेर काढतो. रंग शैवालाचा असल्यामुळे ते गेलं की खालचा पांढरा सांगाडा किंवा फिकट मांस दिसतं. समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे पडतात तेही याच वाटेने. तिथे ढकलणारी मुख्य गोष्ट उष्णता, माझ्या टाकीत उजेड.

डोळ्याने फसवलं, कारण तो मोजायला बसतो तेव्हा स्वतःची आवडनिवड मध्ये आणतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पोपटी उजेडाला, सर्वांत तीक्ष्ण असतो. प्रवाळाच्या दिव्यातला मुख्य निळा रंग ४५० नॅनोमीटरच्या जवळचा. तिथे तेवढीच ऊर्जा आली तरी डोळ्याला ती सुमारे २५ पट फिकी भासते. शैवालाचं उलट आहे. त्यातलं हरितद्रव्य ४३० ते ४६०च्या पट्ट्यात भरपूर प्रकाश शोषतं, आणि पेरिडिनिन नावाचं तांबूस रंगद्रव्य त्यापुढचा निळा-हिरवा भाग ५५०पर्यंत गोळा करतं. यात गूढ काही नाही. समुद्राचं पाणी लाल रंग आधी खाऊन टाकतं, दहा मीटर खाली तो नावापुरता उरतो. निळा सर्वांत खोल जातो. जे ताटात येतं तेच खायला हा संसार शिकला.

म्हणून दिवा घेताना लक्स आणि ल्युमेन बाजूला ठेवायचे. ही दोन्ही एककं माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहेत. खोलीत ट्यूबलाइट घ्यायची तर ती उपयोगाची. इथे पाहायचा आकडा म्हणजे 'पार' (PAR): ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २०००च्या घरात असतो. मश्रूम आणि झोआ (झुबक्याने वाढणारे, छोट्या फुलांसारखे दिसणारे) यांना ५० ते १५० बस होतात. लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखे मऊ प्रवाळ, १०० ते २०० मध्ये सुखी. बारीक फांद्यांचे दगडी प्रवाळ २०० ते ३५० आणि त्याहूनही पुढे मागतात.

अंजनगावकडच्या कोणाला हे समजावायला मला दोन वाक्यं पुरतात. पानमळ्यातली वेल शेवरीच्या सावलीत का ठेवतात, आणि कापूस उघड्यावर का पेरतात? मश्रूम कोरल ही पानवेल आणि फांद्यांचे प्रवाळ हा कापूस. एकाच टाकीत दोन्ही ठेवायचे तर एकाला वर, दिव्याच्या मध्याखाली, दुसऱ्याला तळाशी दगडाच्या आडोशाला जागा द्यायची.

तसा हा कापूस आपल्याकडे लावायचाच नाही. सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. म्हणजे वाघाच्या रांगेत. मेळघाट आम्हाला जवळ असल्यामुळे या वाक्याचं वजन इथे वेगळं सांगावं लागत नाही. मी मऊ प्रवाळच ठेवतो, तेही दुसऱ्या हौशी लोकांनी टाकीत वाढवलेले तुकडे. त्याचा एक फायदा असा की महागड्या, ताकदवान दिव्याची गरजच उरत नाही. दुकानदार ज्याला 'फुल रीफ' दिवा म्हणतो तो बहुतेक वेळा आपल्याला नको असतो.

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक वॅट. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातली निम्म्याच्या आसपास उष्णता होऊन जाते आणि उरलेल्यातलं टाकीत किती उतरतं ते दिव्यावरच्या भिंगावर अवलंबून. दुसरा केल्विन. २०,००० केल्विन म्हणजे फार भारी, असं वाटतं. पण हा आकडा उजेड किती निळसर दिसतो एवढंच सांगतो, आत कोणत्या तरंगलांबी आहेत ते सांगत नाही. एकाच केल्विनचे दोन दिवे आतून पूर्ण वेगळे असू शकतात. त्याऐवजी वर्णपटाचा आलेख मागा. ४२० ते ४८०च्या दरम्यान चांगला उंच डोंगर आणि बाकी ठिकाणी थोडंथोडं, इतकं असलं तरी काम भागतं. लाल आणि हिरव्या दिव्यांची स्वतंत्र बटणं नसली तरी काही अडत नाही.

आलेख नसेल तर जुनी सीडी काढा. वर्गात मी हे दरवर्षी करतो. खोलीत अंधार करायचा, घरातला साधा पांढरा एलईडी बल्ब लावायचा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं तिरकं प्रतिबिंब पाहायचं. एक भडक निळी पट्टी दिसते, तिच्या शेजारी अंधुक खाच, मग हिरवा-पिवळा-तांबडा रुंद पट्टा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळसर दिसणाऱ्या पावडरीचा थर असतो, तो काही निळा उजेड गिळतो आणि पिवळा सोडतो. दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवायला जग काही दशकं झटलं. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने मुद्दा असा, की साध्या पांढऱ्या बल्बमध्येही प्रवाळाचा घास असतो. हौशीच्या सुरुवातीला मश्रूम साध्या एलईडीखाली जगवणारे लोक आहेत आणि ते काही चमत्कार करत नाहीत.

पार मीटर महाग, गावात मिळायचा नाही. मी एक जुगाड केलं. टाकी रिकामी असताना दिवा नेमक्या उंचीवर टांगला, फोनमधलं लक्स मोजायचं ॲप सुरू केलं आणि फोन तळावर नऊ ठिकाणी ठेवून आकडे वहीत लिहिले. हे आकडे पार म्हणून वापरता येत नाहीत, पण दिवा तोच असल्यामुळे एकमेकांशी तुलना खरी निघते. मध्यभागी १०० धरले तर कोपऱ्यात ३० भरले. दिवा एक वीत वर उचलला तर मध्य ६०वर आला आणि कोपरे जवळपास तसेच राहिले. उजेड सगळीकडे सारखा झाला, मधला जाळ गेला. पाणी भरल्यावर चित्र थोडं आणखी सुधारतं, कारण पाण्यातून काचेवर तिरका पडलेला बराच प्रकाश बाहेर न निसटता आत परत वळतो. उंची आणि पसारा यांचा हा खेळ दिव्याच्या ब्रँडपेक्षा जास्त फरक पाडतो असं माझं मत झालं आहे.

नवीन तुकडा आणला की उजेड एकदम द्यायचा नाही. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची कलमं हिरव्या जाळीखालून थेट चैत्राच्या उन्हात कोणी लावत नाही. मी ३० टक्क्यांवर सुरू करतो आणि दर आठवड्याला पाच-सात टक्के वाढवतो. शैवाल त्या काळात आपली रंगद्रव्यं जुळवून घेतं. प्रवाळ मान लांब करून दिव्याकडे ताणू लागला तर उजेड कमी आहे, आक्रसून फिका पडू लागला तर जास्त. माझा दिवा आज ५० टक्क्यांवर आहे, रोज नऊ तास. महिन्याला आठेक युनिट जातात. तेवढ्यासाठी मी शंभर टक्क्यांवर जनावरं पोळत होतो.

उन्हाळ्याची गोष्ट पुणे-मुंबईच्या सल्ल्यांत नसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि टाकीतलं पाणी २६-२७ वर ठेवायचं असतं. जुने मेटल हॅलाइडचे २५० वॅटचे दिवे इथे म्हणजे चुलीवर चूल. एलईडी थंड असतो असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. त्याची उष्णता उजेडासोबत खाली न येता पाठीमागे धातूच्या पंखांत जाते. खोलीच ४०वर असेल तर ती तिथून निघत नाही, दिवा मंदावतो आणि लवकर मरतो. म्हणून पाठीला जाड ॲल्युमिनियम आणि दुरुस्त करता येणारा पंखा असलेला दिवा पाहावा. पाण्यावर छोटा पंखा आडवा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात, आपला वाळ्याचा कूलर चालतो त्याच तत्त्वावर. हवा कोरडी म्हणून मेमध्ये हे झकास चालतं. श्रावणात ओलाव्यामुळे तोच पंखा नुसता फिरतो. उडून जातं ते गोडं पाणी, क्षार मागे राहतात, त्यामुळे रोज भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची. शिंतोड्यांचं मीठ भिंगावर बसतं. आठवड्याला ओलं फडकं फिरवलं नाही तर महिन्याभरात उजेड कमी झालेला असतो आणि आपण दिव्याला दोष देतो.

लाइनचं सांगायला बसलो तर दुसरा लेख होईल. एकदा डीपीवरचा न्यूट्रल सुटला आणि घरात २३० च्या जागी भलताच दाब आला. फ्रिज वाचला, दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, गेला. नवा ड्रायव्हर यायला सहा दिवस लागले आणि प्रवाळ अंधारात राहिले. घाबरलो होतो, पण काही झालं नाही. समुद्रातही वादळात पाणी गढूळ होतं, दिवसचे दिवस उजेड पोचत नाही. त्यांना अंधार काही दिवस सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. तेव्हापासून इन्व्हर्टरवर पाणी फिरवणारा पंप आहे, दिवा नाही. आणि दिव्याच्या आधी व्होल्टेज तोडणारं चारशे-पाचशे रुपयांचं यंत्र.

प्रवाळाला घड्याळ कळत नाही, त्याला नियम कळतो. म्हणून एप्रिल लागला की मी त्याचा दिवस सरकवतो. टायमर दुपारी चारला दिवा लावतो आणि रात्री एकला मालवतो, तेवढीच दुपारच्या उष्णतेत भर कमी. शेवटचे दोन तास फक्त निळे दिवे. निळा उजेड पडला की झोआंच्या तोंडाभोवतीची चमकणारी प्रथिनं तो शोषून हिरवा, केशरी उजेड परत टाकतात, आणि अंधुक टाकीत निखारे फुलल्यासारखे दिसतात. काका उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपतात. आमची खिडकी त्यांच्या तोंडासमोर येते. परवा सकाळी म्हणाले, "सर, तुमचा समुद्र रातच्याले लय उशिरा झोपते गा."