२६०० हर्ट्‌झ: शिट्टीने उघडणारं एक्स्चेंज

संगणक घरोघरी पोचण्याआधी हॅकरांकडे खेळायला एकच मोठं यंत्र होतं, अमेरिकेचं टेलिफोन जाळं. एटी अँड टी कंपनीच्या या जाळ्यात घुसणाऱ्यांना 'फोन फ्रीक' म्हणत. त्यांना वाट मिळाली ती एकाच चुकीमुळे: ज्या तारेतून माणसं बोलत, त्याच तारेतून एक्स्चेंज एकमेकांना हुकूमही देत.

दोन शहरांमधली ट्रंक लाइन रिकामी असली की तिच्यावर २६०० हर्ट्‌झचा सूर सतत वाजत असे. सूर थांबला की लाइन वापरात आली, पुन्हा सुरू झाला की मोकळी झाली, एवढाच संकेत. पलीकडचं एक्स्चेंज तो सूर ऐके. तो कोणी वाजवला हे ओळखायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

पुढचा नंबर कळवायला सहा सूर होते: ७००, ९००, ११००, १३००, १५०० आणि १७०० हर्ट्‌झ. प्रत्येक अंकासाठी यातले दोन एकदम वाजत. सहातून दोन निवडले की पंधरा जोड्या होतात. दहा अंकांना दहा जोड्या. 'नंबर सुरू' सांगायला ११०० आणि १७०० (तिचं नाव केपी), 'नंबर संपला' सांगायला १५०० आणि १७०० (एसटी). उरलेल्या तीन खास कामांसाठी. ५ म्हणजे ९०० आणि १३००. अंकाचा सूर सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाएवढा, केपी त्याहून थोडा लांब. हे कोष्टक कुणी चोरलं नव्हतं. एटी अँड टीच्याच बेल यंत्रणेने ते नोव्हेंबर १९६०च्या आपल्या तांत्रिक नियतकालिकात छापलं आणि ते कॉलेजांच्या ग्रंथालयांत जाऊन पडलं. कुलूप आणि किल्ली एकाच दुकानात, तीही काचेच्या कपाटात!

हे सूर काढणारी पेटी म्हणजे 'ब्लू बॉक्स'. ती वापरणारा आधी ८००ने सुरू होणारा फुकटचा नंबर फिरवी. पलीकडे घंटी वाजू लागली की फोनच्या तोंडाशी सुमारे सेकंदभर २६००चा सूर धरी. दूरच्या एक्स्चेंजला वाटे, फोन ठेवला. ते कॉल तोडून टाकी. जवळचं एक्स्चेंज मात्र गाफील, कारण ग्राहकाने रिसीव्हर ठेवला की नाही हे ते घरापर्यंतच्या तारेतल्या विजेवरून ओळखे, सुरावरून नाही. सूर थांबताच दूरच्या टोकाला नवा कॉल आल्यासारखं वाटे. कानावर एक छोटा 'कर्-चिंक' आवाज येई, म्हणजे ते नंबराची वाट पाहतंय. मग केपी, हवा तो नंबर, एसटी. बिलाच्या नोंदीत राही फक्त फुकटचा कॉल.

सांगायला सोपं, पण बऱ्याच पेट्या धड चालत नसत. स्वस्त ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटचा) सूर तापमानाबरोबर सरके. घरात सूर जुळवलेली पेटी थंड फोन बूथमध्ये बेसूर होई. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर सूर वाजवून टेप करावेत, तर टेपचा वेग हलला की संपलं. शिवाय बोलणाऱ्याच्या आवाजातही २६००चा अंश असतोच. त्याने कॉल तुटू नये म्हणून एक्स्चेंजमध्ये एक पहारेकरी सर्किट असे: आजूबाजूच्या इतर सुरांचा गलका असेल तर ते २६००कडे दुर्लक्ष करी. म्हणून सूर स्वच्छच लागे. स्टीव्ह वॉझ्नियॅकने क्रिस्टलवर, म्हणजे तापमानाने फारसा न हलणाऱ्या ठेक्यावर, चालणारी डिजिटल पेटी केली ती याच कारणाने. ॲपल ही संगणक कंपनी काढण्याआधी तो आणि स्टीव्ह जॉब्स या पेट्या साधारण १५० डॉलरला विकत.

पेटीशिवाय ते जमवणारा एक अस्सल गवई होता, नाव जो एंग्रेसिया. तो जन्मांध होता आणि त्याला स्वरांचं अचूक ज्ञान होतं. तो लहानपणीच शिट्टी मारून कॉल तोडायला शिकला. जॉन ड्रेपरचं नाव जास्त गाजलं, ते नाश्त्याच्या पाकिटातून मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीमुळे. तिचं एक भोक बुजवलं की २६००चा सूर निघे. पण शिट्टीने सहसा फक्त दार उघडे. आत नंबर कळवायला बहुतेक लाइनींवर जोडसूर लागत, हे त्या दंतकथेत हमखास गळतं.

ही मंडळी एकमेकांना क्वचितच भेटत. कॅनडातल्या व्हँकूवरच्या एक्स्चेंजमध्ये टेलेक्सच्या (तारेवरून टंकलिखित संदेश पाठवण्याच्या सेवेच्या) चाचणीची एक न वापरलेली लाइन होती. ब्लू बॉक्सने ६०४ आणि २१११ पाठवलं की तिथे पोचता येई, आणि एकाच वेळी अनेक जण बोलू शकत. तीच त्यांची चावडी. त्यांतली बरीच मुलं अंध होती. माझ्या मते इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोल्यांचं मूळ शोधायचं तर ते इथे आहे.

पकडले जाण्याचं कारण बहुधा साधंच असे: फुकटच्या चौकशी नंबरावर कुणी दोन-दोन तास बोलत नाही, आणि बिलाच्या टेपवर कॉलची लांबी नोंदलेली असे. कंपनी एवढ्यावर थांबली नाही. १९६४ ते १९७० या काळात तिने काही शहरांत सुमारे ३ कोटी ३० लाख कॉल यंत्राने तपासले आणि पंधरा लाखांच्या आसपास कॉलचे तुकडे टेप केले. १९७५ साली हे वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. चोर पकडायला निरपराधांचे फोन ऐकणं हा मला चोरीपेक्षा मोठा अपराध वाटतो.

संगणक गुन्ह्यांचा कायदा तेव्हा नव्हताच. खटले चालत ते १९५२च्या तारेवरून फसवणुकीच्या केंद्रीय कायद्याखाली, आणि त्यासाठी कॉल राज्याची सीमा ओलांडणारा असावा लागे. शिक्षांमध्ये मेळ नव्हता. एंग्रेसियाला १९७१मध्ये मेम्फिसमध्ये अटक झाली. आरोप सौम्य होऊन दंड झाला १० डॉलर. ड्रेपरला १९७२च्या अटकेनंतर पाच वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक) मिळाली, आणि १९७६मध्ये पुन्हा सापडल्यावर तुरुंग.

ब्लू बॉक्स मेली ती कोर्टात नव्हे. १९७६पासून एटी अँड टी एक्स्चेंजमधले हुकूम वेगळ्या डेटा लाइनवरून पाठवू लागली, सुरुवातीला सेकंदाला २४०० बिट या वेगाने. आता बोलण्याच्या तारेत कितीही शिट्टी मारा, ऐकणारं कुणी नव्हतं. पण लाखो ट्रंक बदलायला दशकं गेली. मिनेसोटातल्या वाविना या चिमुकल्या गावाची जुनी सूरवाली लाइन जून २००६पर्यंत चालू होती.