परदेशातल्या फॅन्सचे पैसे खात्यात कसे येतात: पात्रता, फॉर्म आणि लागणारी कागदपत्रं

दुसऱ्या देशातून कोणी यूट्यूबवर सुपर चॅट केलं (लाइव्हमध्ये पैसे देऊन मेसेज टाकला) किंवा मेंबरशिप घेतली (दरमहा पैसे भरून चॅनलचा मेंबर झाला) की ते पैसे सरळ तुमच्याकडे येत नाहीत, आधी प्लॅटफॉर्मकडे जमा होतात, तिथे त्यांचा वाटा कापला जातो, मग टॅक्स, मग बँक. आणि अडकतात ते बहुतेक वेळा कागदांवरच, त्यामुळे चॅनल मोठं व्हायची वाट न बघता हे काम आधी उरकून टाका.

यूट्यूबचं बघू. सुपर चॅट आणि मेंबरशिप चालू करायला ५०० सबस्क्रायबर, मागच्या ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ, आणि वर्षभरात ३००० तास वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर ३० लाख व्ह्यूज लागतात. जाहिरातींचा वाटा पाहिजे तर १००० सबस्क्रायबर आणि ४००० तास, नाहीतर शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वॉच टाइम या तासांत धरत नाहीत, इथे भल्याभल्यांचा हिशोब चुकतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं, स्ट्राइक (नियम मोडल्याची यूट्यूबची कारवाई) नको, तुमच्या देशात हा प्रोग्राम असायला हवा, आणि वय १८ च्या आत असेल तर पालकांचं अ‍ॅडसेन्स (गूगलचं कमाई देणारं खातं) जोडावं लागतं. सुपर चॅटमधून टॅक्स आणि अ‍ॅप स्टोअरची फी गेल्यावर जे उरतं त्यातले ७० टक्के तुमचे.

आता अ‍ॅडसेन्स. १० डॉलर जमले की पत्त्यावर पोस्टाने पिन (पत्ता पडताळायचा कोड) येतो, काही देशांत त्याआधी ओळखपत्र मागतात. पिनला दोन-चार आठवडे सहज लागतात, म्हणून पत्ता पोस्टमनला सापडेल असाच लिहा, घर नंबर, खूण, पिनकोड सगळं. आणि नाव! ओळखपत्रावर मधलं नाव आहे, बँकेत नाही, अ‍ॅडसेन्सवर चॅनलचंच नाव टाकलंय, असं असेल तर पेमेंट परत जाऊ शकतं. बँक खात्यावर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे ठेवा.

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते टॅक्स फॉर्मला. यूट्यूब अमेरिकन कंपनीचं आहे म्हणून तिथला फॉर्म भरावा लागतो: अमेरिकेबाहेर राहणाऱ्या व्यक्तीसाठी डब्ल्यू-८बेन, कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई. यात कायमचा पत्ता द्यायचा, पोस्ट बॉक्स चालत नाही, तुमच्या देशाचा टॅक्स नंबर टाकायचा, आणि तुमच्या देशाचा अमेरिकेशी टॅक्सचा करार असेल तर तिथे टिक करायची, म्हणजे दर कमी होतो. करार नसेल तर ३० टक्के, पण फक्त अमेरिकन प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर. टॅक्स कापतील म्हणून फॉर्मच न भरणारे पण आहेत, त्यांचे मग जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात, हा शहाणपणा काय कामाचा! फॉर्म सही केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालतो, २०२५ ला भरला तर २०२८ च्या डिसेंबरअखेर.

बँकेसाठी खातेदाराचं नाव, खाते नंबर किंवा जिथे असतो तिथे आयबॅन (काही देशांतला आंतरराष्ट्रीय खाते नंबर), आणि ८ किंवा ११ अक्षरी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठी बँकेची ओळख. तुमच्या शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर कुठला टाकायचा ते बँकेलाच विचारा, गुगल करून कुठलाही टाकू नका. १०० डॉलर झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात, वायर (बँकेतून बँकेत थेट परदेशी ट्रान्सफर) असेल तर मधली बँक पण थोडे कापू शकते. पेट्रिऑनवर (फॅन्स दरमहा पैसे देतात ती साइट) पैसे काढायला स्ट्राइप, पेपाल, पेओनिअर असे पर्याय आहेत, पण तिन्ही प्रत्येक देशात चालत नाहीत, पेज बनवायच्या आधी हे बघा. तिथेही ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, फोटो चारही कोपरे दिसतील असा काढा.

अमेरिकेत टॅक्स कापला गेला तर १०४२-एस नावाचा फॉर्म मिळतो, तो डाउनलोड करून ठेवा, आपल्या देशात रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मागायचं असेल (तिथे कापलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा करून घ्यायचा असेल) तर पुरावा म्हणून तोच दाखवावा लागतो.