वार्धक्यातील बहुव्याधी व जीवनगुणवत्ता

एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असण्याच्या अवस्थेला बहुव्याधी म्हणतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, संधिवात, हृदयविकार आणि नैराश्य हे आजार वृद्धांमध्ये वारंवार एकत्र आढळतात. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पासष्टीपुढचे निम्म्याहून अधिक लोक बहुव्याधिग्रस्त आढळले. गरीब वस्त्यांत ही अवस्था १० ते १५ वर्षे आधीच येत होती.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे मात्र बहुधा एकेका आजारापुरती लिहिलेली असतात. २००५ साली अमेरिकी संशोधकांनी पाच आजार असलेली ७९ वर्षांची रुग्णा कल्पून ती सगळी तत्त्वे तिला लागू केली, तेव्हा रोजची १२ औषधे झाली आणि त्यांच्या १९ मात्रा पाच वेगवेगळ्या वेळी घ्याव्या लागल्या. एकेका आजारासाठी योग्य असलेल्या उपचारांची बेरज माणसाला पेलेनाशी होते, हे बहुव्याधीचे खरे दुखणे आहे.

औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजले की साखळी सुरू होते. रक्तदाबासाठी दिलेल्या अम्लोडिपीनने घोटे सुजतात. ही सूज सूक्ष्म धमन्या रुंदावून द्रव ऊतींत झिरपल्याने येते, शरीरात पाणी साठल्याने नव्हे. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. तरीही फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी सुरू होते. लघवीसाठी वारंवार उठताना तोल जातो, पोटॅशियम घटते, युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा ठणकू लागतो. त्यावर आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक घेतले की मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाब पुन्हा चढतो. अम्लोडिपीनची मात्रा घटवली किंवा औषध बदलले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते.

जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली शारीरिक, मानसिक, सामाजिक व परिसरविषयक अंगांनी जीवनगुणवत्ता मोजते. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा व जेवण ही सहा कामे स्वतःची स्वतः जमतात का, हे आजारांच्या यादीपेक्षा अधिक सांगून जाते.

औषधांच्या आढाव्याच्या वेळी डोळ्यांतले थेंब, वनस्पतिजन्य औषधे आणि चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या धरून सगळे डॉक्टरांसमोर ठेवावे. प्रत्येक औषध कशासाठी व कधीपासून, हे लिहावे. रक्तदाब पाच मिनिटे आडवे राहून, मग उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर पडण्याचा धोका असतो. अशक्त मधुमेही वृद्धांत रक्तातील साखरेचे लक्ष्य सैल ठेवणे हिताचे, कारण साखर उतरल्यावर होणारा गोंधळ स्मृतिभ्रंश समजला जातो. मेटोप्रोलोलसारखी रक्तदाब व हृदयविकारावरची औषधे साखर उतरल्याची खूण असलेली छातीतली धडधडही झाकतात. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने एका वेळी एकच कमी करावीत. मेटोप्रोलोल, अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारे औषध) किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स एकाएकी बंद करू नयेत.