कलकत्ता फुटबॉल क्लब

कलकत्ता फुटबॉल क्लब : ब्रिटिश अमलातील कलकत्ता (आजचे कोलकाता) येथील हौशी रग्बी क्लब. जानेवारी १८७३ मध्ये तो स्थापन झाला आणि जेमतेम पाच वर्षांत सभासदांनीच तो मोडीत काढला. इतक्या अल्पायुषी क्लबची आठवण राहिली ती त्याने मागे ठेवलेल्या कलकत्ता चषकामुळे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील वार्षिक रग्बी सामन्याच्या विजेत्याला तो आजही मिळतो.

२५ डिसेंबर १८७२ रोजी, ऐन नाताळात, शहरातल्या गोऱ्या रहिवाशांनी रग्बीचा सामना भरवला. एका बाजूला इंग्लंडचे २० जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांचे मिळून २०. आज पंधरा खेळाडूंचा संघ पाहायची सवय असलेल्यांना ही गर्दीच वाटेल. पण तेव्हा विलायतेतही वीसच खेळत. मार्च १८७१ मध्ये एडिंबरोत झालेला इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही वीस-वीस जणांचाच होता. त्यातले बहुतेक जण एकमेकांना भिडून रेटारेटी करत, आणि चेंडू त्या झुंडीत बराच वेळ दिसेनासा होई. कलकत्त्याचा हा प्रयोग इतका रंगला की आठवडाभराने तो पुन्हा झाला आणि लगेचच नव्या वर्षात क्लब उभा राहिला. १८७४ मध्ये त्याने इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचे सभासदत्व घेतले.

पहिले वर्ष झोकात गेले. सभासदांना बार फुकट होता, हेही त्यामागचे एक कारण असावे. कारण ही सोय बंद करावी लागली तशी सभासदसंख्या घसरली. मग शहरातली एक ब्रिटिश पलटण दुसरीकडे हलली आणि तिच्याबरोबर खेळाडूही गेले. उरलेल्यांना टेनिस आणि पोलो हे खेळ इथल्या हवेला अधिक मानवणारे वाटू लागले. हे तिसरे कारण सर्वांत भारी म्हणावे लागेल. बारचा प्रश्न पैशाने सुटला असता, पलटणीच्या जागी दुसरी आली असती. पण संघ उभा करायलाच माणसे मिळेनात, तिथे इलाज नव्हता.

मंडळे बहुधा तिजोरीत खडखडाट झाला की बुडतात. इथे नेमके उलटे होते: बँकेत शिल्लक होती, मैदानात उतरायला माणसे नव्हती. जी. ए. जेम्स रॉथनी हे एकटेच क्लबचे कप्तान, मानद चिटणीस आणि खजिनदार होते, यावरूनही कार्यकर्त्यांची चणचण लक्षात येते. शिल्लक आपसांत वाटून घेणे किंवा एका जंगी मेजवानीत उडवणे सहज शक्य होते. त्याऐवजी रॉथनी यांनी डिसेंबर १८७७ मध्ये युनियनला पत्र लिहून सुचवले की, या रकमेचा एक फिरता चषक करून युनियनला भेट द्यावा. खेळाचे भले होईल आणि क्लबची आठवणही राहील.

बँकेतून काढलेले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवण्यात आला. त्या काळचा रुपया तोळाभर, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, त्यामुळे नाणी आटवून वस्तू घडवणे यात विचित्र काहीच नव्हते. चषकासाठी २७० रुपये आटवल्याचे सांगितले जाते. चषक सुमारे ४५ सेंमी उंच आहे. अंगावर बारीक कोरीव नक्षी, कानांच्या जागी फणा काढलेले तीन नाग, आणि घुमटाकार झाकणावर अंबारीसह हत्ती. लाकडी बैठकीवर सामन्यांच्या तारखा, विजेता देश आणि दोन्ही कप्तानांची नावे यांच्या पट्ट्या आहेत. गंमत अशी की या नोंदी थेट १८७१ पासून सुरू होतात. तेव्हा चषक तर नव्हताच, क्लबही जन्मला नव्हता.

असोसिएशन फुटबॉलमध्ये, म्हणजे आज ज्याला नुसते फुटबॉल म्हणतात त्या खेळात, इंग्लंडच्या एफ. ए. चषकाची बाद पद्धतीची स्पर्धा १८७१ पासून गाजत होती. तशीच क्लबांची स्पर्धा या चषकासाठी भरवावी, हा पर्याय रॉथनींनी सुचवला होता. युनियनला तो रुचला नाही. बक्षिसासाठी क्लबांनी एकमेकांवर तुटून पडणे तिच्या हौशी बाण्यात बसत नव्हते, म्हणून चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जोडला गेला. (याच बाण्यापायी पुढे १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले. कामगार खेळाडूंची बुडालेली रोजी भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती.) चषकासाठीचा पहिला सामना १० मार्च १८७९ रोजी एडिंबरोत रेबर्न प्लेस मैदानावर झाला आणि बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडने तो जिंकला. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री खेळाडूंनी तो एडिंबरोच्या रस्त्यांवर नेऊन चेपवला आणि दुरुस्त करून घ्यावा लागला. मूळ चषक आता नाजूक झाल्याने विजेत्यांच्या हाती फार काळ ठेवला जात नाही. प्रतिकृती वापरल्या जातात.

कलकत्त्यात मात्र रग्बी पुरते संपले नाही. १८८४ मध्ये कलकत्ता क्रिकेट क्लबने ते पुन्हा सुरू केले आणि १८९० मध्ये स्थानिक क्लबांसाठी एक चषक ठेवला. लोक त्यालाही कलकत्ता चषकच म्हणू लागले. कलकत्ता फुटबॉल क्लब हे नावही पुढे पुन्हा दिसते, पण विसाव्या शतकातील त्याचा लौकिक मुख्यतः असोसिएशन फुटबॉलचा आहे: १९२२ ते १९२४ अशी सलग तीन वर्षे त्याने आय. एफ. ए. शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. १९६५ मध्ये तो क्रिकेट क्लबात विलीन होऊन कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब झाला. बालिगंजच्या त्याच्या मैदानावर आजही रग्बी होते, तेही मुख्यतः पावसाळ्यात, जमीन मऊ असताना. शहरातील जंगल क्रोज हा क्लब वस्त्यांमधील मुलामुलींना हा खेळ शिकवतो.