बॅकहो उतरवताय? होज सोडण्याआधी हे वाचून घ्या

आमच्याकडून छोट्या ट्रॅक्टरच्या मागे लावायचा बॅकहो (चारी खोदायचा हात) नेलेल्या सगळ्या भाऊ-दादांसाठी

एप्रिल-मे लागला की वर्कशॉपला एकच फोन परत परत येतो. "भाऊ, सकाळी बॅकहो काढला होता, आता जोडायला घेतला तर पाइप काही बसून नाही राहिला, कपलर खराब दिला का?" कपलर, म्हणजे पाइपच्या टोकाचा दाबून बसवायचा जोड, बहुतेक वेळा चांगलाच असतो. होजमध्ये, म्हणजे तेलाच्या रबरी पाइपमध्ये, प्रेशर कोंडलेलं असतं, आणि ते कोंडलं जातं उतरवतानाच, जोडताना नाही. म्हणून हे माहितीपत्रक जोडण्याबद्दल कमी आणि उतरवण्याबद्दल जास्त आहे.

चारी कशी खोदायची, बकेट कुठून ओढायची हे आम्ही तुम्हाला सांगत बसत नाही, ड्रिपच्या मेन लाइनच्या चाऱ्या तुम्ही आमच्यापेक्षा जास्त खोदल्यात. पण छोटा ट्रॅक्टर असणाऱ्याकडे सहसा तो एकच असतो, बॅकहो पाठीवर असेपर्यंत ना रोटाव्हेटर जोडता येतो ना ट्रॉली, म्हणजे उन्हाळ्यात पाइपलाइन झाली की मृगाच्या आधी बॅकहो उतरवायचा, कपाशीची, केळीची कामं उरकायची आणि कांदे बागेच्या (पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीच्या) टायमाला परत चढवायचा. काही जण तर एका आठवड्यात दोनदा काढ-घाल करतात. काढायला काहीच हरकत नाही, आम्ही मशीन तशीच बनवलीय, फक्त क्रम चुकला की सगळं अडतं.

होज का बसत नाही

तेल तापलं की फुगतं. फुगायला जागा नसली तर प्रेशर चढतं. पक्क्या लोखंडी पोकळीत कोंडलेलं तेल एका अंशाने जरी तापलं तरी साधारण १० बारने प्रेशर वाढतं. आपला होज रबरी, तो थोडा ताणला जातो, त्यामुळे एवढं चढत नाही, पण आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात पडलेला काळा होज त्याहून कितीतरी जास्त तापतो. सकाळी गारव्यात सोडलेला होज दुपारी हात लावू देत नाही आणि आतलं तेल दोन्ही टोकांना बंद.

कपलरच्या तोंडात स्प्रिंगवरची एक घुंडी असते, ती आत ढकलली गेली तरच तेलाचा रस्ता उघडतो. आत ५० बार प्रेशर असेल तर त्या घुंडीच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ५० किलोचा रेटा बाहेरच्या बाजूने असतो, म्हणजे अख्खी सिमेंटची गोणी अंगठ्याने आत ढकलण्यासारखं झालं. हाताने ते होत नाही, कुणाच्याच होत नाही, त्यात तुमची ताकद कमी पडतेय असं काही नाही.

पुढे जे होतं ते जास्त महागात जातं. हाताने बसत नाही म्हणून कुणी हातोडी घेतो, कुणी स्क्रू ड्रायव्हर लावून घुंडीवर ठोकतो. घुंडीची सीट चेपली की तो कपलर कायमचा गळतो, आणि ठोकताना तोंडावरची माती आत गेली ती थेट व्हॉल्व्हच्या स्पूलपर्यंत, म्हणजे लिव्हरने आत सरकणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचते. स्पूल आणि त्याच्या भोकात केसाएवढीसुद्धा जागा नसते, बारीक वाळूचा एक कण लिव्हर जाम करायला पुरतो.

त्याहून वाईट म्हणजे कपलर अर्धा बसतो. वरून बसल्यासारखा दिसतो, कॉलर पूर्ण पुढे आलेली नसते, आतली घुंडी बंदच असते. हे जर टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनवर झालं आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर पंपाचं तेल जाणार कुठे? परतीचा रस्ता बंद म्हणजे जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हलाही तेल सोडायला वाट नाही, कारण तोसुद्धा त्याच लाइनमध्ये सोडतो. मग स्पूलचे सील बाहेर येतात, लिव्हरच्या बुडातून तेल टपकायला लागतं आणि आम्हाला फोन येतो की व्हॉल्व्ह लीक दिला. व्हॉल्व्ह खोलला की आम्हाला लगेच कळतं की सील झिजून गेलेले नाहीत, मागून दाबाने ढकलले गेलेत. दोन मिनिटांच्या घाईत तुमचा कामाचा अख्खा आठवडा जातो, ऐन हंगामात, आणि आमचा माणूस दुसऱ्या गावाचं काम सोडून तुमच्याकडे येतो.

उतरवायचा कसा

जागा आधी बघा. काळ्या जमिनीत बॅकहो ठेवू नका. उन्हाळ्यात ती दगडासारखी लागते म्हणून ठेवून दिला जातो, पण पहिला पाऊस पडला की जॅकचे पाय एक इकडे एक तिकडे खचतात, फ्रेम तिरकी होते आणि चढवताना पिनांची भोकं जुळत नाहीत. शेडमधला कोबा, फरशी, नाहीतर मुरूम टाकून दाबलेली जागा चालेल. काहीच नसेल तर प्रत्येक पायाखाली जाड फळी द्या. सावली असेल तर अर्धा त्रास तिथेच संपला.

ट्रॅक्टर सरळ उभा करा, हँडब्रेक लावा, जॅकचे पाय खाली घ्या, बूम मधोमध आणून बकेट जमिनीवर टेकवा. आता मेन फ्रेमखाली दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा. हे ठोकळे कुणी लावत नाही आणि सगळा घोळ इथून सुरू होतो. ठोकळे नसले तर मशीनचं वजन जॅकच्या सिलेंडरमधल्या तेलावर उभं राहतं. सिलेंडर हळूहळू उतरतो, आज सरळ दिसणारा बॅकहो दोन महिन्यांनी दोन-तीन इंच खाली बसलेला सापडतो, आणि मधल्या काळात पोराटोरांनी खेळता खेळता लिव्हर ओढली तर ते सगळं वजन होजमध्ये उतरतं. म्हणजे ऊन नसतानासुद्धा प्रेशर तयार. मशीन हलून कुणाचा पाय सापडायची भीती वेगळीच.

ठोकळे लागले की पिना काढा, इंजिन मंद ठेवून बॅकहोच्याच सिलेंडरने मशीन फ्रेमच्या हुकातून अलगद सोडवा आणि ठोकळ्यांवर बसवा. ट्रॅक्टर अजून पुढे घेऊ नका, होज जोडलेले आहेत.

आता इंजिन बंद करा आणि सगळ्या लिव्हर, सगळ्या म्हणजे बूम, आर्म, बकेट, स्विंग आणि दोन्ही जॅक, प्रत्येक लिव्हर दोन्ही बाजूंना पूर्ण दोन-तीनदा हलवा. मशीन थोडी हलेल, बसेल, बसू द्या. होज जोडलेले असतानाच हे करायचं, कारण तेव्हा कोंडलेल्या तेलाला टाकीत जायचा रस्ता असतो. होज सोडल्यावर लिव्हर हलवून काही उपयोग नाही, उलट सिलेंडरमधलं प्रेशर होजमध्ये येतं. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी आमचे मे महिन्यातले बरेच फोन बंद होतील.

मग कपलर पुसून घ्या, सोडा, टोप्या लावा. होज जमिनीवर न टाकता बूमवर गुंडाळा आणि वर ओला नाही, कोरडा बारदाना टाका म्हणजे ऊन लागणार नाही. टोप्या हरवल्या असतील तर प्लास्टिकची पिशवी बांधून काम भागवू नका, वर्कशॉपमधून घेऊन जा, मशीन नवी असेल तर पहिला जोड आम्ही तसाच देतो.

बॅकहो काढला आणि ट्रॅक्टरची लिफ्टच उचलत नाही

हा दुसरा फोन. ज्यांची जोडणी ट्रॅक्टरच्याच पंपावर आहे त्यांच्यासाठी आहे हे. त्या जोडणीत तेल आधी बॅकहोच्या व्हॉल्व्हमधून फिरतं आणि मग लिफ्टला (मागची अवजारं उचलणाऱ्या भागाला) जातं. बॅकहो काढला की मधला तुकडा गेला, तेल अडलं. म्हणून आम्ही सोबत एक छोटा लूप पाइप देतो, तो ट्रॅक्टरवरच्या लाल आणि पिवळ्या कपलरमध्ये लावायचा. लाल म्हणजे पंपाचं प्रेशर, पिवळा लिफ्टकडे जाणारा, निळा टाकीचा, तो रिकामा राहतो, त्याला टोपी. लूप न लावता इंजिन चालू केलं तर लिफ्ट हलत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळतो आणि तेल तापतं. आवाज ऐकला की लगेच बंद करा. लूप पाइप सीटच्या मागे तारेने बांधून ठेवा, गोठ्यात ठेवला की सापडत नाही.

ज्यांनी पीटीओवरचा (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवरचा) पंप आणि वेगळी टाकी घेतलीय त्यांना ह्यातलं काहीच लागत नाही, पंप शाफ्टवरून ओढून काढायचा, होज सोडायचेच नाहीत. वारंवार काढ-घाल करणाऱ्याला आम्ही हाच सेट सांगतो, सुरुवातीला खर्च जास्त आहे पण कपलरचा विषयच राहत नाही. फक्त परत बसवताना पंपाची साखळी ट्रॅक्टरला अडकवायला विसरू नका, नाहीतर पीटीओ टाकला की पंपच गरगर फिरतो आणि होज उपटून काढतो.

आता होज अडकलाच असेल तर

दुपारी भांडू नका त्याच्याशी. सावली करा, होजवर ओलं पोतं टाका, कपलरच्या तोंडात पाणी जाऊ देऊ नका, आणि संध्याकाळी किंवा पहाटे लावून बघा. पुष्कळदा हाताने बसतो. ट्रॅक्टरच्या बाजूलाही प्रेशर असू शकतं, इंजिन बंद करून लिफ्टची लिव्हर पूर्ण खाली घ्या.

तरीही नाही बसला तर कपलरच्या मागचा नट पान्याने अगदी थोडा, चतकोर आटा, ढिला करून तेल झिरपू देता येतं. पण हे फक्त बकेट आणि बूम जमिनीवर आणि फ्रेम ठोकळ्यांवर असेल तरच. नटावर जाड फडकं गुंडाळा, चष्मा लावा, तोंड बाजूला. बारीक भोकातून सुटलेल्या तेलाची धार कातडी फोडून आत शिरते, दिसायला सुई टोचल्याएवढी जखम असते आणि आत मांस सडायला लागतं, बोट किंवा हात जाऊ शकतो. लीक कुठे आहे हे हात फिरवून कधीच बघू नका, पुठ्ठा धरा. आणि असं झालंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, तासाभरातच मोठ्या दवाखान्यात जा आणि हायड्रोलिक तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

जोडल्यावर इंजिन लावण्याआधी प्रत्येक कपलर हाताने मागे ओढून बघा. सुटला नाही आणि कॉलर पूर्ण पुढे आली तरच स्टार्टर.

काही जण विचारतात

फ्रेम कशाला, थ्री पॉइंटलाच (मागे अवजारं जोडायच्या तीन दांड्यांना) लटकवून द्या, स्वस्तात होईल. तसं आम्ही देत नाही, शेजारचा देतो म्हणालात तरी नाही. खोदताना सगळा झटका टॉप लिंकच्या, म्हणजे त्यातल्या वरच्या दांड्याच्या, जागेवर येतो, छोट्या ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग ओतीव लोखंडाचं असतं, त्याला तडा गेला तर ट्रॅक्टर दोन भागात खोलावा लागतो. आमची फ्रेम मागच्या एक्सलपासून पुढे चेसिसपर्यंत जाते, तिच्यासाठी पैसे जास्त लागतात ते ह्याच्यासाठी. पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर तिचे बोल्ट परत आवळायला मशीन वर्कशॉपला आणा, त्याचे पैसे नाहीत.

व्हिजिटचा चार्ज का लावता, हेही विचारलं जातं. सिलेंडर, वेल्डिंग, व्हॉल्व्ह ह्यात आमचा दोष निघाला तर वॉरंटीत एक रुपया घेत नाही. ठोकलेला कपलर, अर्धा बसवून उडालेले सील आणि न लावलेला लूप पाइप वॉरंटीत येत नाही, आणि त्यासाठी रावेर किंवा शिरपूरपर्यंत माणूस आला तर गाडीचं भाडं द्यावं लागेल. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कपलरचा आणि लिव्हरच्या बुडाचा फोटो टाका, कितीतरी वेळा फोटो बघूनच फोनवर काम होतं.

चपट्या तोंडाचे कपलर आता आम्ही ठेवतो, त्यांचं तोंड पुसायला सोपं, माती आत जात नाही, तेलही कमी सांडतं. त्यातच आतल्या प्रेशरसकट बसणारा प्रकारही मिळतो, साध्यापेक्षा महाग आहे. जुन्या मशीनला बदलून हवे असतील तर तिन्ही जोड एकदम बदला, एक साधा एक चपटा असं जमत नाही. येताना जुना कपलर सोबत आणा, बाजारात सारखे दिसणारे अर्धा इंची कपलर आतून वेगळे निघतात.